कावेरीला पुण्यास धाडावे

तीर्थरूप ताईस, धाकट्या भावाचा आणि जावयाचा दुहेरी नमस्कार.

मी खुशाल. कसबा पेठेत समयांचं दुकान स्वतःचं झालं. तुझा गुडघा कसा आहे?

घरमालकीण गोदूबाईंनी विचारलं, "तुमचं कुटुंब कोणाची लेक हो?" मी म्हटलं, "माझ्या सख्ख्या बहिणीची." आपल्या तंजावरात यात नवल नाही, पण इथे मामा-भाचीचं लग्न लावत नाहीत. बाई म्हणाल्या, "मग बहिणीला ताई म्हणता, की सासूबाई?" मी म्हटलं, "वाढते तेव्हा ताई, रागावते तेव्हा सासूबाई." त्या हसल्या, पण म्हणाल्या, "इथे राहायचं तर नातं लपवा."

मी बिऱ्हाड हलवलं. नवी खोली जरा अंधारी आहे, पण मालकाला सगळं आधीच सांगितलं आहे.

कावेरीला निर्धास्त पाठव. कोणाची म्हणून विचारलं, तर तिने मान वर करून तुझं नाव सांगावं.

तुझा राघो