सोनीच्या अंथरुणातली गोधडी

शुक्रवार, जानेवारी. सौदीतल्या धाहरानजवळचा कॅम्प.

सुट्टी असूनही दिवसभर डोक्यात सोनीचं अंथरूण. सोनी म्हणजे कॅम्पच्या गेटवरची कुत्री. थंडीत ती सिमेंटवर कुडकुडते, म्हणून परवा पोत्यात ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापूस, भरून तिला गादी केली. पाइप गरम राहावेत म्हणून इतकी वर्षं तेच गुंडाळतोय, मग कुत्रीला का नको? ती दोनदा बसली, अंग खाजवत उठली आणि परत सिमेंटवर. ग्लासवूल टोचतं हे मला माहीत नव्हतं थोडंच. पण हातात कायम ग्लोव्हज, विसर पडतो.

काल मग खाली पुठ्ठा आणि वर बॅगेतली गोधडी घातली. बायकोने, सुनंदाने, जुन्या साड्यांची शिवून दिलेली. इथे कंपनीचं ब्लँकेट मिळतं, त्यामुळे मी ती कधी उघडलीच नव्हती.

आज बायकोने फोनवर नेमकं तेच विचारलं.

"गोधडी वापरता ना? ऊब लागते?"

"लागते."

"मग मळली असेल. मे महिन्यात येताना घेऊन या, धुऊन देते."

"आणतो," म्हटलं.

खोटं बोललो का? तसं वाटलं नाही. फोन ठेवून गेटवर गेलो. सोनी पोटात नाक खुपसून झोपली होती. तिच्या अंगाखाली हात घातला. गोधडी चांगली गरम होती. कडेचे टाके मात्र तिने चावून उसवलेत. सुईदोरा मिळेल, पण सुनंदासारखा टाका मला येत नाही.