रुद्राणीच्या साडीसाठी भावांचा तपास

सोमवार, १५ सप्टेंबर १९७५. संध्याकाळी ७
आजपासून एकाही दुकानदारावर विश्वास ठेवायचा नाही. निश्चय पक्का.

कारण चन्नवीरअण्णाच्या दुकानातली तूरडाळ. पुडा एक किलोचा, पण हाताला हलका लागला. शरणम्माला दाखवला तर म्हणाली, डाळ बरोबर हाय, तुमचाच हात जड झालाय. बायको माझी आणि बाजू दुकानदाराची! वीस वर्षं याच माणसाकडून किराणा. वीस वर्षांत त्यानं किती खाल्लं असेल याचा हिशोब काढायला बसलो होतो. डोकं तापलं, सोडून दिला.

मुख्य मुद्दा रुद्राणीचा. १९ ऑक्टोबरला, रविवारी, तिचं डोहाळजेवण. आमच्यात कुबसा म्हणतात. अक्कलकोटहून व्याही मंडळी येणार. चाळीस पान. लेकीला माहेरची हिरवी इरकल नेसवायची. सोलापूरच्या चाटी गल्लीत कापडवाले साठ रुपये सांगतात. पगारातून साठ निघत नाहीत.

शरणम्मा लोकांना कडक भाकऱ्या करून देते. म्हणाली, त्यातले साठेक रुपये डब्यात हायत की, घ्या. मी म्हटलं, हात लावायचा नाही. बापाची साडी बापाच्या पैशानं. दहा दुकानांचे भाव बघून किराणा घेतला तर महिन्यात साठ रुपये सहज वाचतात. ती म्हणाली, आपला महिन्याचा सगळा किराणाच नव्वदचा हाय.

बायकांना अर्थशास्त्र कळत नाही.

मंगळवार, १६ सप्टेंबर
तयारी. काळी डायरी (ही), दोन रंगांचं पेन, इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट, गॉगल. गॉगल महत्त्वाचा. आपण तराजूकडं बघतोय की बरणीकडं, ते दुकानदाराला कळता कामा नये.

हल्ली दुकानाबाहेर भाव आणि शिल्लक मालाचा बोर्ड लावायची सक्ती आहे. आणीबाणी. बोर्डात आणि मालात फरक सापडला तर धाड. पुरवठा खात्याचे साहेब म्हणे साध्या कपड्यांत फिरतात. मला अजून एकही दिसला नाही. दिसला तर हात मिळवणार आहे.

ऑफिस सुटल्यावर सायकलवर सात बोर्ड उतरवले. कोणाशी एक शब्द बोललो नाही. फक्त बघायचं, लिहायचं, पुन्हा बघायचं. याला मी मौन पद्धत म्हणतो.

गुरुवार, १८ सप्टेंबर
मौन पद्धतीला पहिलं यश!

बेगम पेठेत मकदूमभाईंचं दुकान. बोर्डावर साखर चार रुपये ऐंशी. लिहून घेतलं. मग पाच मिनिटं नुसता तराजूकडं बघत उभा राहिलो. मकदूमभाईंनी विचारलं, साब, आफिस से आये क्या? मी म्हटलं, हो, थेट तिकडूनच. खोटं कशाला बोला? त्यांनी स्वतः उठून खुर्ची दिली. चहा मागवला. प्यालो नाही. वाणी फुकट चहा पाजतो म्हणजे काहीतरी असणार.

दोन किलो साखर मागितली. चार रुपयांनी लावली! किलोमागं ऐंशी पैसे खाली, न मागता. वर एक मूठ जास्त टाकली. घरी येऊन ती जास्तीची मूठ ताटात पसरून खडे शोधले. एकही नाही. संशय आणखी वाढला.

बचत: १ रु. ६० पै.

सोमवार, २२ सप्टेंबर
ग्राहक भांडाराचा सभासद झालो. शेअर दहा रुपये. कार्डावर फोटो लावत नाहीत, तेवढं एक बरं वाटलं नाही. रांगेत दीड तास उभा. पुढचा माणूस सारखा माझ्या पिशवीकडं बघत होता. तेल बाहेरच्यापेक्षा वीस पैसे स्वस्त, पण सोबत चार साबण घ्यावे लागतात.

बचत: २० पै. साबण धरले नाहीत, साबण नासत नाही. शेअरचे दहाही धरले नाहीत. ती गुंतवणूक.

शुक्रवार, २६ सप्टेंबर
कन्ना चौकात शेंगदाणे. मौन पद्धत. दुकानदाराच्या कपाळाला घाम. किलोमागं एक रुपया कमी. चार किलो घेतले. बाळीवेशीत गूळ, तोही पडत्या भावात. बाळीवेशीतला तर हात जोडून म्हणाला, सायेब, समदं कायद्यात हाय बगा. मी मान हलवली. कायद्यातच असायला पाहिजे की!

आतापर्यंतची बचत: १४ रु. १० पै. माझ्यात हा गुण आहे हे मला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं. ऑफिसात कोणाला सांगितलेलं नाही. सगळे उद्यापासून गॉगल घालून फिरतील.

रविवार, २८ सप्टेंबर
बार्शीला गेलो. तिथल्या बाजारात डाळ किलोमागं पंचवीस पैसे स्वस्त, खात्रीची बातमी होती. निघाली खरी. पाच किलो घेतली. बचत १ रु. २५ पै.

एसटीचे जाऊन-येऊन सात रुपये ऐंशी. ते प्रवासखर्चात लिहिले. प्रवास आणि किराणा ही दोन वेगळी खाती, त्यांची गल्लत करायची नाही. येताना पिशवी फाटून अर्धा किलो डाळ वैरागच्या स्टँडवर सांडली. कंडक्टर हसला. त्याचा बिल्ला नंबर लिहून ठेवलाय.

बुधवार, १ ऑक्टोबर
चन्नवीरअण्णाच्या दुकानावरून जात होतो. त्यानं हाक मारली. म्हणाला, मल्लण्णा, पंधरा दिस झालं तुमी दिसंनासा झालाव. बसवून घेतलं. मग आवाज बारीक करून सांगायला लागला. बाजारात बोलायल्यात म्हणं, एक गॉगलवाला साहेब सायकलीवर हिंडायलाय, समदे भाव लिहून घ्यायलाय. दुकानदारांची झोप उडालीय. तुमी जरा जपून ऱ्हावा की.

मी कशाला जपून राहू? मी काय दुकानदार आहे? सोलापूरच्या उन्हात निम्म्या गावाच्या डोळ्यावर गॉगल असतो. हा साहेब कोण ते मात्र बघायला हवं. एवढा फिरतो, मला कसा दिसत नाही?

चन्नवीरअण्णा घाबरलाय. त्याचं गिऱ्हाईक तुटलं, म्हणून ही भीती घालायला लागलाय. लई हुशार आहे.

शनिवार, ४ ऑक्टोबर
बचत २७ रु. ४० पै. झाली.

नवीन चिंता. शरणम्मा दुपारची बाहेर जाते. शेजारच्या काशम्मानं सहज बोलता बोलता सांगितलं. मी किराणा आणला की दुसऱ्या दिवशी हमखास जाते. मला विचारते, हे केवढ्याला घेतलं, ते केवढ्याला, कुठल्या दुकानात? मला वाटलं, कौतुकानं विचारते. आता वाटतं, माझी माहिती चन्नवीरअण्णाला पोचवते.

सोमवार, ६ ऑक्टोबर
अर्धा दिवस रजा. पाठलाग केला.

शरणम्मा मकदूमभाईंच्या दुकानात गेली. कनवटीची पिशवी काढली, पैसे काढले. मकदूमभाई नको नको म्हणत होते. तिनं पैसे तराजूच्या पारड्यात ठेवले आणि निघाली. माल काही घेतला नाही! तिथून कन्ना चौक. तिथंही तेच. पैसे दिले, माल नाही.

म्हणजे उधारी! मला चोरून गावभर उधारी! एका सरळ माणसाच्या घरात हे चालू आहे.

घरी जाब विचारला. ती एकदम कानडीत सुरू झाली. ती कानडीत शिरली म्हणजे प्रकरण गंभीर. नाचिकी इल्लेन्री, म्हणाली. लाज मला नाही म्हणे! मग मराठीत म्हणाली, ते बोर्ड वाचायचं आजपासून बंद करा, एखाद्या दिवशी खरा साहेब भेटंल तुमाला, मग बसा आत.

मी म्हटलं, विषय बदलू नकोस. तिला बोलू दिलं नाही.

रविवार, १२ ऑक्टोबर
रुद्राणी आली. जावई सोडून गेले. पोरगी जड पावलांनी चालते. तिला सातवा सरत आला तरी मला ती शाळेच्या दप्तरासकटच आठवते.

जवळ येऊन बसली. अप्पा, साडीचे काठ कुठले घेणार म्हणाली. तिच्या जावेच्या डोहाळजेवणाला माहेरचं काहीच आलं नव्हतं, सासूबाई अजून बोलून दाखवतात. तिनं हसत सांगितलं, पण मला कळलं. मी म्हटलं, लाल काठ, आणि असा पदर की तुझ्या सासूनं दोनदा हात लावून बघावा. शरणम्मा उठून आत गेली. तिला धूर लागला असेल.

बचत ४६ रु. ८५ पै. आठवडा हातात आहे. साठ पुरे करणारच.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर
कट आहे. लिहून ठेवतो, पुढंमागं उपयोगी पडेल.

डोहाळजेवणाची यादी घेऊन निघालो. हरभरा डाळ आठ किलो, गूळ सहा, शेंगदाणे पाच, तेल, वेलदोडे. मकदूमभाईंच्या बोर्डावर सगळ्या मालापुढं एकच शब्द, शिल्लक नाही. कन्ना चौकातल्यानं मला कोपऱ्यावर पाहिलं आणि फळ्या लावायला सुरुवात केली. भर दुपारी! बाळीवेशीतल्यानं दोन्ही हात जोडले. सायेब, माल संपला, म्हणाला. माझी नजर त्याच्या मागच्या पोत्यांकडं गेली तर ती भुशाची हायत म्हणाला. मी म्हटलं, मला डाळ पाहिजे, पैसे देतो. म्हणाला, तुमच्याकडनं पैसे कसं घ्यायचं सायेब, गरिबाला मोकळं करा. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. नाटकी माणूस.

ग्राहक भांडार स्टॉक मोजायला बंद.

रिकाम्या पिशव्या घेऊन आलो. परवा चाळीस माणसं जेवायची आहेत. सोलापूरचे सगळे व्यापारी एका गरीब कारकुनाविरुद्ध एक झालेत. कलेक्टरसाहेबांना पत्राचा मसुदा केला. सव्वादोन पानं.

शनिवार, १८ ऑक्टोबर. सकाळी
घरभर गुळाचा वास. स्वयंपाकघरात पातेल्यात डाळ शिजतेय, काशम्मा आणि शरणम्मा शेंगदाण्याचं कूट करतायत. विचारलं, माल कुठला? चन्नवीरअण्णाचा. दहा दिवसांपूर्वीच सांगून ठेवला होता. बोर्डाच्या भावानं. आज साडी महत्त्वाची.

त्याच दिवशी, दुपारी
डायरीत बचत ५८ रु. ३५ पै. साडीला जायला निघालो. खिशात तीन रुपये.

मग अठ्ठावन्न कुठं आहेत? सगळे शर्ट बघितले. ट्रंक बघितली. पगारातून किराण्याला काढले तेवढे सगळे गेले. एसटी, शेअर, साबण, सायकलची ट्यूब. बचत झाली ती सगळी डायरीत झाली. ठीक आहे, डब्यातले साठ तात्पुरते घ्यावे म्हणून शरणम्माचा डबा उघडला. अकरा रुपये.

चोरी! ओरडलो. रुद्राणी आत झोपली होती, म्हणून शरणम्मानं मला परसात नेलं आणि सांगितलं. कानडीत नाही. मराठीत, सावकाश.

दुकानदारांना मी पुरवठा खात्याचा साहेब वाटलो होतो. भीतीनं पडत्या भावात माल देत होते. मकदूमभाईंची बायको जुलेखा आमच्याकडून भाकऱ्या नेते, तिनं मला ओळखलं. आठ दिवसांतच परसदारी येऊन रडली. म्हणाली, भाबी, साब को बोलो, चार रुपये में शक्कर कैसे देना, हमारे चार बच्चे हैं. तेव्हापासून मी जिथं जिथं माल घेतला तिथं तिथं शरणम्मा दुसऱ्या दिवशी गेली आणि उरलेले पैसे देऊन आली. भाकऱ्यांचे पैसे. एकोणपन्नास रुपये. वर हात जोडून सांगत होती, साहेब नाहीत हो ते, आमचे हेच आहेत, कोणाला सांगू नका. तरी कोणाचा विश्वास बसला नाही. तोतया साहेब म्हणून मला धरून नेतील, ही धास्ती तिला महिनाभर होती. सहा तारखेला सांगायला लागली होती तर मी गप्प केलं.

तरी भांडारातले वीस पैसे खरे होते.

नाही. लाज वाटते. लिहायचीसुद्धा वाटते. बाळीवेशीतल्या माणसाच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं.

रविवार, १९ ऑक्टोबर. संध्याकाळी
कार्यक्रम झाला. चाळीस सांगितले होते, सेहेचाळीस जेवले. हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, पुरली, शेंगापोळ्या उरल्या.

रुद्राणी हिरवी इरकल नेसून बसली. लाल काठ. नागपंचमीला शरणम्माच्या भावानं शरणम्माला दिलेली. घडी मोडलेली नव्हती, दिवाळीला नेसणार होती. विहीणबाईंनी पदर हातात घेतला, उलटा करून बघितला, पुन्हा बघितला. शरणम्मा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ह्यांनी आणली, महिनाभर उन्हातानात हिंडून एकेक पैसा वाचवला लेकीसाठी.

सगळ्या बायकांनी माझ्याकडं बघितलं. रुद्राणी वाकून पाया पडायला लागली. मी तिला मधेच धरलं, नको म्हटलं, अशा अवस्थेत वाकू नको.

व्याही पंगतीत माझ्या शेजारी होते. म्हणाले, माल चोख आहे, मल्लिकार्जुनराव. केवढ्याला पडली?

मी पाण्याचा तांब्या पुढं ओढला. शरणम्मा वाढत वाढत आली, पासष्ट म्हणाली, आणि माझ्या पानात पोळी वाढून पुढं गेली.