भोगीच्या दिवशी वाकलेली धार

मंठा, गुरुवार, १३ जानेवारी १९९४

काल अकरावीच्या वर्गात फजिती झाल्ती. कंगवा केसांवर घासून नळाच्या बारीक धारेजवळ धरला की धार त्याच्याकडं वाकते, असं मोठ्या तोऱ्यात सांगितलं. धार सरळच. वैशाली बोलली, "सर, मंग ते ऑक्सिजनचं ओढणं फक्त पुस्तकातच हाय का?"

घरी येईस्तोवर तेच डोक्यात. पाण्यातल्या ऑक्सिजनची इलेक्ट्रोनिगेटिव्हिटी, म्हणजे इलेक्ट्रॉन ओढायची ताकद, ३.५, हायड्रोजनची २.१. बंधातली इलेक्ट्रॉनची जोडी दोघांची, पण ऑक्सिजन ती स्वतःकडं ओढतो. म्हणून त्याचं टोक थोडं ऋण, हायड्रोजनचं थोडं धन, अन् अशा रेणूंना विद्युतभार आलेला कंगवा आपल्याकडं खेचतो. यात चूक कुठं?

चूक माझ्या डोक्यावर होती. खोबरेल. चपचपीत केसांवर कंगवा कितीही घासा, विद्युतभार येणार कुठून? आणि हे मला, केमिस्ट्रीच्या मास्तराला, कालच का सुचू नये?

आज भोगी. मुली डोक्यावरून न्हाऊन आल्त्या, केस कोरडे, भुरभुरीत. वैशालीनं आपल्याच केसांवर कंगवा घासला अन् धार वाकली. मग ब्युरेटमधून, म्हणजे तोटीच्या काचनळीतून, रॉकेल सोडलं. त्याची धार सरळच. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "रॉकेलात कार्बन २.५, हायड्रोजन २.१. जवळजवळ बराबरीचे हायेत सर, कोण कोणाला ओढणार?" मी खडू खाली ठेवला.

संध्याकाळी बायको नेहमीसारखी खोबरेल ऊन करून घेऊन आली. म्हटलं, राहू दे, शनिवारी दुसऱ्या तुकडीला कंगवा दाखवायचाय.

तिनं माझ्या डोक्याकडं पाहिलं. "घासायला केस तरी किती राह्यलेत?"