माश्या आणि यान्बूचं स्थळ

गुरुवार, ६ नोव्हेंबर

अम्मीनं परस्पर ठरवून टाकलं! मी म्हणे खजुराच्या किडीवर संशोधन करते, इथल्या बुरैदाच्या अरब शेतकऱ्यांसाठी! उद्या यान्बू बंदरातून स्थळ येतंय, त्यांना हेच सांगायचं. "खरं बोललीस तर याद राख गो!"

खरं एवढंच — आमच्या लॅबमध्ये फळमाश्या आहेत. मीलनात नर नुसते शुक्राणू देत नाही, सोबत ढीगभर प्रथिनंही सोडतो. त्यातलं एक फार कारस्थानी. ते अंगात भिनलं की मादी बदलते. दुसरा नर आला की लाथा मारते, अंडी घालत सुटते, जास्त खाते, कमी झोपते. आणि हे महाशय केव्हाच उडून गेलेले! चार वर्षं मी त्या लाथा मोजतेय. हे मूळच्या रत्नागिरीच्या पाहुण्यांना शरबत देताना कसं सांगणार? अम्मीचंही चुकत नाही म्हणा.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आले. मुलगा नबील, रिफायनरीत इंजिनीअर. सोबत त्याची आई, खुर्शीदखाला. आणि खजुराची पेटी. भेट नव्हे! खालांनी ती माझ्यापुढं सरकवली. "बघ बाय, याला कायतरी लागलंय. औषध सांग."

अम्मीचा चेहरा बघण्यासारखा होता. भोगा आता!

झाकण काढलं. खजूर आंबलेला, आणि वर आमच्याच माश्या. मी गप्प बसायला हवं होतं. पण एक नर पंख थरथरवत मादीच्या मागं लागला, तिनं त्याला लाथ हाणली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हिचं लग्न झालंय."

मग काय, सगळंच सांगून टाकलं, प्रथिनासकट! अब्बा खोकत बाल्कनीत गेले. धाकटी अरवा शरबताचा ट्रे घेऊन खाली मान घालून उभी. खाला म्हणाल्या, "तौबा!"

नबील एकटा हसला. वर विचारतो, "ते तिला नकोसं झालं तर? उतरतं का कधी?"

उतरतं म्हटलं, आठ-दहा दिवसांनी. असा प्रश्न घरात आजवर कुणी विचारला नव्हता.

रविवार, ९ नोव्हेंबर

झोप नाही. बिर्याणी दोनदा वाढून घेतली. लक्षणं मला तोंडपाठ आहेत! माशीला निदान प्रथिन तरी लागतं. मला एक प्रश्न पुरला. कमाल आहे बाई माझी!

सोमवार, १० नोव्हेंबर

फोन नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

खालांचा फोन आला. माणसं आवडली, विचार करून कळवतो. पण एक आत्ताच सांगते, म्हणाल्या, सून यान्बूतच राहील, नोकरीबिकरी नको.

तिकडं लॅबच्या प्रमुख अमिता मॅडम म्हणतात, "पुढची दोन वर्षं संशोधकाची जागा तुझी. परवापर्यंत सांग." एरवी मी टेबलावर चढून नाचले असते.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

मॅडमना नाही म्हणून आले. चष्मा काढून बघत राहिल्या. "अगं, लग्न ठरलं का?"

"ठरल्यातच जमा."

"मग ठरू तरी दे!"

ऐकलं नाही. त्याला माझं काम समजलं, घरी बसले तरी बोलायला माणूस असेल, असं काहीतरी मनात होतं. मी, जी चार वर्षं मादीच्या नकारावर लिहितेय! हसू येतं. पण आनंद झालाय, खोटं कशाला बोलू?

शनिवार, १५ नोव्हेंबर

यान्बूहून होकार आला. नबीलला अरवा पसंत आहे.

मॅडमना फोन केला. जागा कालच दुसऱ्या मुलीला दिली.

अम्मी माझ्याकडं बघेना. अरवा खोलीत आली, दार लावून म्हणाली, "आपा, मी नाही म्हणू?"

"वेडी आहेस का? हो म्हण."

मग बाथरूममध्ये नळ सोडून खूप रडले.