बर्फ उमेशभावजींच्या सदऱ्यात

बुधी आत्येला गोकुळचा रामराम. पहिले कबूल करतो, मग तब्येतीचं विचारतो. दवाखान्याच्या रक्ताच्या पेटीतली बर्फाची पिशवी मीच काढली आणि पोशेऱ्याच्या हळदीत उमेशभावजींच्या सदऱ्यात मागून सोडली. हां, आता सांग, तुझा गुडघा कसा हाय? जामसरच्या विहिरीला पाणी हाय का? इकडे सूर्यमाळला टँकर आला की माणसांआधी हंडे धावतात.

तुला माहीत हाय, मोखाड्याहून जव्हारला ती पेटी गाडीवर मीच नेतो. त्या दिवशी आत एकच नळी होती, एका पोराची. त्याला एचआयव्ही हाय. गोळ्या चालू हायत, पण लागू पडतात का नाय, ते रक्तात जंतू किती त्यावरून कळतं. (मशीन म्हणे एका जंतूच्या नकलांवर नकला काढून मोजतं. आपल्या पाड्यावर बातमी अशीच वाढते, फक्त मशीन पदरचं घालत नाय.) आकडा खाली आला तर पोरगा निवांत, वर गेला तर डॉक्टर गोळ्या बदलणार. नळी थंड ठेवायची, एवढंच माझं काम. आणि नेमकी वाटेत हळद लागली.

भावजी असे नाचले का वाजवणारा वाजवायचा थांबून बघत बसला. एक म्हातारी म्हणाली, "जावयाच्या अंगात आलं!" लगेच नारळ फोडला. मग पिशवी खाली पडली आणि सगळ्यांनी एकदम माझंच नाव घेतलं.

जव्हारला लॅबच्या चंदाताईंनी पेटीतलं थर्मामीटर बघून नळी बाजूलाच ठेवली. मी म्हटलं, "ताई, गरमीत चार जंतू मेले तर बेसच की, आकडा कमी येईल."

"नळीतले मरतील रे, त्याच्या अंगातले कसे मरतील? आकडा खोटाच कमी आला तर तो लागू न पडणाऱ्या गोळ्या खात बसेल, आणि मग?"

ताईंनी नळी फेकली. पोराला सोमवारी परत रक्त द्यायचंय.

तुझा भाचा,
गोकुळ

ता.क. भावजींची मस्ती नंतर सुचली. बर्फ मी मोखाड्याच्या नाक्यावरच काढला होता, आकडा कमी यावा म्हणून. हळद लागली ते बरंच झालं, सांगायला कारण मिळालं.

आणखी ता.क. तो पोरगा मीच, आत्ये. नळीवर नुसता नंबर असतो, चंदाताईंना ठाऊक नाय. भिवंडीला वीटभट्टीवर होतो तवा गोळ्या चुकल्या. सुईला नाय भीत, आकड्याला भितो. सोमवारी सकाळच्या एसटीने जव्हारला ये, नुसती बाजूला बस. कुणी विचारलं तर गुडघा दाखवायला चालले म्हण. बर्फाचं पाहिजे तर गावभर सांग, भावजी मारतील तेवढा मार खाईन. पण हे कुणाला सांगू नको, पाया पडतो. आईला तर नायच.