देवळी म्हणजे कोनाडा

५ जानेवारी २०२५, सकाळी
वनमालेचा गुडघा पुन्हा सुजला. संडास परसात, पायऱ्या उतरून. काल तिथेच घसरली. हाका मारत होती म्हणे. मला ऐकू आल्या नाहीत, बातम्या लागल्या होत्या.
डॉक्टर म्हणाले, संडास घरात घ्या, नाहीतर बाईंना इथून हलवा. हलवायचा प्रश्नच नाही. मालवणहून येऊन आजोबांनी चेंबूरच्या गावठाणात घेतलेलं कौलारू घर. हेरिटेज यादीत आहे, अख्ख्या गल्लीत एकटं आमचंच. विटेला हात लावायचा तर परवानगी लागते.
संकल्प: होळीच्या आत घरात कमोड. रीतसर परवानगी काढून.

९ जानेवारी
निधीचा फोन. आईला मुलुंडला आमच्याकडे पाठवा म्हणते. फ्लॅटमध्ये दोन बाथरूम आहेत, हे तिसऱ्यांदा ऐकवलं. जावई सुयोग मागून म्हणाला, ओळखीचा आर्किटेक्ट आहे, अर्ज तोच करेल. नको म्हटलं. शिपिंग कंपनीचा सगळा पत्रव्यवहार मी सांभाळलाय. मला अर्ज कोण शिकवणार?

१२ जानेवारी, दुपारी
अर्ज तयार. शुद्ध मराठीत. झकास उतरलाय. 'मागील खोलीतील पुरातन देवळी काढून त्या जागी शौचालय बांधण्यास परवानगी मिळावी.' 'पुरातन' नंतर घातलं, वजन येतं.
निधीला फोनवर वाचून दाखवला. म्हणाली, बाबा, कोनाडा लिहा ना, देवळी कोणाला कळणार? म्हटलं, दिव्याच्या कोनाड्याला आमच्यात देवळीच म्हणतात. आजोबा म्हणायचे, मी म्हणतो. आपणच शब्द टाकले तर ते जगणार कसे? वनमाला म्हणाली, काय हवं ते म्हणा, आधी त्यातली माझी बामाची बाटली द्या.

३ फेब्रुवारी
उत्तर नाही. म्हणजे गांभीर्याने विचार चालू आहे.
वनमाला संध्याकाळनंतर पाणी पीत नाही, परसात जावं लागू नये म्हणून. थोडेच दिवस राहिलेत, म्हटलं. तिने पाण्याचा तांब्या पालथा घातला. बायकांना प्रोसेस कळत नाही.

२० फेब्रुवारी
साइट व्हिजिट झाली. हेरिटेज ऑफिसातून अस्मिता मॅडम आल्या. मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी त्यांनी चपला काढल्या. घराबद्दल एवढा आदर सरकारी माणसात मी पहिल्यांदा पाहिला.
विचारलं, इथे दिवा लागतो का? म्हटलं, आजोबांच्या काळात एक संध्याकाळ चुकली नाही. (पुढे वीज आली. पण मॅडम घाईत होत्या.) विचारलं, बाहेरचे लोक यायचे का? म्हटलं, अर्धं गावठाण इथे बसलेलं असायचं. (पत्ते कुटायला. हे कशाला सांगा.) सगळं लिहून घेतलं. फोटो काढले.
इम्प्रेशन उत्तम. काम झालंच. वनमाला विचारत होती, फोटो काढल्यावर बाईंनी हात का जोडले? म्हटलं, संस्कार.

११ मार्च
होळी तोंडावर आली. कमोड आणून ठेवला. ऐन वेळी धावपळ नको. सध्या अंगणात आहे, त्यावर मांजर झोपतं.

१८ मार्च
नामंजूर. 'पुरातन मंदिर पाडून त्या जागी शौचालय बांधण्याचा प्रस्ताव अत्यंत आक्षेपार्ह आहे.' कुठलं मंदिर ते मला कळेना. वनमालेला लगेच कळलं. हसेल असं वाटलं होतं, हसली नाही.
ऑफिसात गेलो. क्लार्क म्हणाला, देवळी म्हणजे छोटं देऊळ, माझं मराठी चांगलं आहे. त्याला देवळीची सगळी कुळकथा सांगितली. जेवून आल्यावर तो म्हणाला, लेखी द्या.

२८ मार्च
लेखी दिलं. संदर्भांसह. आजोबा, दिव्याची परंपरा, गावठाणाचा इतिहास, सगळं घातलं. वनमाला म्हणाली, देवळी म्हणजे कोनाडा, एवढंच लिहिलं असतंत तर पुरलं असतं. असं लिहून का कधी फाइल हलते?

३० मार्च, गुढीपाडवा
शेजारच्या माणिकवहिनी नारळ घेऊन आल्या. बातमी फुटलेली दिसते. बामाची बाटली सरकवून देवळीत नारळ ठेवला, हळदकुंकू वाहिलं. म्हटलं, वहिनी, कोनाडा आहे हो. म्हणाल्या, गप्प बसा भाऊजी, देवळात संडास बांधायला निघाला होतात, आता तरी तोंड आवरा.

१५ एप्रिल, मंगळवार
अंगणात चपलाच चपला. समोरच्या नानांनी घंटा बांधली, मला न विचारता. कमोडवर कोणीतरी फुलांची परडी ठेवली होती.
परसात जायची वाट मागच्या खोलीतूनच. वनमालेला भजनाच्या मधून, सगळ्यांच्या पायांवरून जावं लागलं. परत आली आणि बॅग भरली. संध्याकाळी निधी घेऊन गेली. तात्पुरतं आहे, म्हटलं. वनमाला म्हणाली, त्या दिवशी मी घसा फुटेस्तोवर हाका मारत होते. जाताना नारळामागची बाटली तेवढी घेतली.
घर शांत आहे. म्हणजे भजन संपल्यावर.

६ मे
मोठं यश. मी लिहून दिलेला इतिहास हेरिटेजच्या समितीला पटला. घराचा हेरिटेज दर्जा वाढवला. वाट लागली म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.
खाली आणखी एक ओळ आहे: मंदिरालगतचं परसातलं शौचालय तत्काळ बंद करावं. दुपारी माणसं येऊन सील करून गेली. त्यांनीही चपला काढल्या होत्या.

७ मे
पहाटेच रिक्षा पकडली. मुलुंड. ड्रायव्हरला चार वेळा म्हटलं, जरा लवकर घे रे.
दार वनमालेने उघडलं. दर्जा वाढल्याचं आधी सांगायचं ठरवलं होतं. जमलं नाही. तिने नुसतं बाथरूमकडे बोट दाखवलं.
कमोड चांगला आहे. उठायला गेलो तर गुडघा धरला. हलता येईना. वनमालेला हाक मारली. पुन्हा मारली. बराच वेळ मारत होतो.
बाहेर बातम्या लागल्या होत्या.