दीप्तीच्या बशीतले वेल

डोळखांब

धाकट्या सकूला सोनूबाईचा पोटापासून जयभीम. तुजी कंबर कशी हाय? धसईच्या बाजारात टोपल्या उचलू नकोस. कोंबड्या बऱ्या ना? आणि तो तुजा तांबडा कोंबडा? (त्यानं माजं लुगडं फाडलं, ते मी कवाच विसरले.) फोन केला असता, पण सून कान लावून असते.

आपली दीप्ती, माजी नात, मुंबईत मोठं शिकते. मे महिन्यात आली तवा तिनं मोबाइलवर तिचं काम दाखवलं. अंडं आठवडाभर उबेत ठेवायचं, आतलं पिल्लू (बोटाच्या पेराएवढं, नुसते डोळेच!) काढून त्याच्या पाठीतला मऊ दोर घ्यायचा. त्याचे बारीक तुकडे काचेच्या बशीत, गुलाबी पाण्यात, गरम कपाटात ठेवायचे. आणि सकू, त्या तुकड्यांना धागे फुटतात गो! कारल्याचा वेल मांडव शोधतो तसे. टोकाला इवलासा पंजा, चाचपत पुढं जातो, नाय पटलं की मागं सरतो, दुसरा भेटला की जोडून घेतो. ना आई, ना डोकं, सांगायला कोण नाय, तरी त्यांना ठाऊक, आपल्याला नस व्हायचंय. मी बघत बसले ती मोबाइल बंद पडेपर्यंत. आंब्यावरून पडून शेजारचा भगीरथ पाठ मोडून अंथरुणाला खिळलाय, तसल्यांच्या नसा कवातरी जोडायच्या, तर त्या वाढतात कशा हे आधी कळाया पायजे, दीप्ती म्हणते.

मला इतका हर्ष झाला, की मी आमचा एकुलता एक काळा कोंबडाच कापला. (एवढ्या शिकल्या पोरीला काय डाळ वाढू?) तिनं हाडं चोखून खाल्ली, म्हणाली, कोंबडा बाजारातला दिसतो. मी हो म्हटलं. निघताना म्हणते, "आजी, तिकडची अंडी उन्हानं बिघडली, आपल्या कोंबड्यांची दे."

भाताच्या तुसात घालून दिली. ती छान निघाली (काळा असतानाची ना ती). मग दुसऱ्या खेपेची अंडी पोचल्यावर फोन, "आजी, आत कायच नाय गो. कोंबडा आजारी हाय का?"

मी म्हटलं, "नाय गो, मजेत हाय."

पुढल्या महिन्यात तिला सरांना धागे दाखवायचेत, नायतर वरीस फुकट. बाकी सगळं ठीक. काळजी करू नकोस.

तुजी सोनूआक्का

ता. क. तुजा कोंबडा बसनं पाठव. टोपलीत, वर फडकं बांधून. पोरीचं काम झालं की परत देईन. कापणार नाय, शप्पत.

दुसरं ता. क. आमचा काळा होता, तुजा तांबडा. दीप्तीनं विचारलं तर सांग, उन्हानं रंग उतरला.

तिसरं ता. क. सांगू नको कायच. आत्ताच तिचा फोन आला, "आजी, मे महिन्यात मी नक्की काय खाल्लं?" सकू, पोर खरंच लय हुशार हाय गो! कोंबडा मात्र पाठव.